गॅलिना : शिशाच्या नावाचे गाव

[दृश्य : मुख्य रस्त्याच्या तोंडाशी उघडे पोलादी दरवाजे, पलीकडे विटांच्या इमारतींची वळत गेलेली रांग]

गॅलिना गावात शिरताना आधी दरवाजे लागतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यात असलेल्या या गावाने पुराला अडवण्यासाठी १९५१ साली ते बसवले. एरवी ते सताड उघडे असतात. शेजारची गॅलिना नदी आज इतकी अरुंद आहे की, हिच्यासाठी एवढा बंदोबस्त कशाला, असा प्रश्न पाहुण्याला पडावा. परंतु १८४० च्या दशकात, जेव्हा शिकागोहूनही या गावाचा दबदबा मोठा होता, तेव्हा मिसिसिपीवरून वर येणाऱ्या वाफेच्या बोटी याच नदीच्या धक्क्याला लागत आणि शिशाच्या लगडी भरून परत जात.

शाळेच्या रसायनशास्त्रात ‘गॅलिना हे शिशाचे धातुक आहे’ हे वाक्य आपण पाठ केलेले असते. गावाला नाव मिळाले ते त्याच खनिजावरून. या टेकड्यांतील शिसे मेस्क्वाकी, सॉक आणि हो-चंक या मूलनिवासी जमातींचे लोक फार आधीपासून काढत आले होते. १८२० च्या दशकात गोऱ्या खाणवाल्यांची रीघ लागली, आणि केंटकीहून आलेल्या एका कंत्राटदाराने तर गुलाम मजूरही सोबत आणले. १८४५ च्या सुमारास देशातील बहुतांश शिसे या परिसरातून निघत होते. मग वरच्या थरातले शिसे संपत आले, १८४९ मध्ये कॅलिफोर्नियातील सोन्याने खाणकामगारांना ओढून नेले, आणि खाणींसाठी व भट्ट्यांसाठी उघड्या केलेल्या डोंगरांची माती नदीत उतरून पात्र गाळाने भरले. रेल्वेची कथा तर अधिकच विलक्षण आहे. ‘गॅलिना अँड शिकागो युनियन’ अशी कंपनी या गावाचे नाव लावून निघाली खरी, पण तिचे रूळ गॅलिनापर्यंत कधी पोहोचलेच नाहीत. दुसऱ्या कंपनीची गाडी १८५४ मध्ये आली आणि तिने बोटींचा उरलासुरला धंदाही नेला.

आज येथे सुमारे ३,३०० लोक राहतात. तरीही हे जो डेव्हिस काउंटीचे मुख्य ठिकाण आहे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावाप्रमाणे न्यायालय, नोंदी आणि सरकारी कचेऱ्या येथेच आहेत. काउंटीचे नाव १८११ च्या टिपेकनूच्या लढाईत पडलेल्या केंटकीच्या एका वकिलाचे आहे. त्याच्या आडनावाची अक्षरे काउंटीच्या नावात उलटसुलट झाली आणि ती चूक तशीच कायम राहिली.

[दृश्य : बेंच स्ट्रीटवरील न्यायालयाची इमारत]

मुख्य रस्त्याच्या एक पायरी वर, टेकडीच्या कुशीत काढलेल्या बेंच स्ट्रीटवर हे न्यायालय आहे. १८६१ च्या एप्रिलमध्ये देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांनी सरकारच्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्याची, म्हणजेच उत्तर-दक्षिण यादवी युद्धाला तोंड फुटल्याची बातमी आली, तेव्हा सारे गाव येथे जमले. त्या गर्दीत युलिसिस ग्रँट नावाचा, पुढे या युद्धात उत्तरेचा सरसेनापती झालेला, एक माजी लष्करी अधिकारी होता. सैन्यातून बाहेर पडल्यावर शेती आणि इतर धंदे फसल्याने वर्षभरापूर्वी, १८६० मध्ये, तो बायकामुलांसह गॅलिनाला आला होता आणि वडिलांच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली काम करत होता. हाय स्ट्रीटवरील भाड्याच्या घरातून लांबलचक जिना उतरून तो रोज दुकानात जाई. वकील जॉन रॉलिन्स यांचे भाषण त्याने या सभेत ऐकले, दोनच दिवसांनी सैनिकभरतीच्या सभेचे अध्यक्षस्थान त्याच्याकडे आले, आणि त्यानंतर दुकानात माल बांधायला आपण पुन्हा पाऊल ठेवले नाही, असे त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदवले. रॉलिन्स युद्धभर त्याच्या सोबत राहिले. या एवढ्याशा गावातून यादवी युद्धात नऊ सेनापती निघाले, ही गोष्ट गॅलिनाची माणसे पाहुण्याला सांगितल्यावाचून सोडत नाहीत.

त्या नवांतील एक नाव मात्र ग्रँटच्या सावलीत राहून गेले आहे, आणि माझ्या मते गावात सर्वांत आधी त्याची खूण पाहावी. ही खूण म्हणजे ग्रीन स्ट्रीटवरील दगडी टपाल कचेरी. नदीबंदराच्या भरभराटीच्या काळात जकात गोळा करण्यासाठी केंद्र सरकारने १८५० च्या दशकाच्या अखेरीस ही इमारत उभी केली, आणि बांधकामावर देखरेख करायला आलेले अभियंता होते ईली पार्कर. ते सेनेका जमातीचे होते. त्यांनी कायद्याचा अभ्यास केला होता, परंतु मूलनिवासी हे अमेरिकेचे नागरिक नाहीत, या कारणाने त्यांना वकिलीची सनद नाकारण्यात आली, आणि म्हणून ते स्थापत्याकडे वळले. ग्रँटशी त्यांची ओळख गॅलिनातच झाली, आणि युद्धात ते त्याच्या हाताखालचे अधिकारी झाले. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती ली शरण आले, तेव्हा शरणागतीच्या अटींची अंतिम प्रत पार्कर यांच्या हस्ताक्षरात तयार झाली. ज्याला देशाने नागरिक मानले नव्हते, त्याच्या हाताने देश पुन्हा एक झाल्याचा कागद लिहिला गेला. टपाल कचेरीत आजही तिकिटे विकली जातात, आणि रांगेत उभे राहून दगडांचे सांधे निरखायला कोणी हरकत घेत नाही.

१८४५-४६ मधील जुनी बाजार इमारत जवळच आहे: खाली भाजीपाला, वर नगरपालिकेचे सभागृह, तळघरात कोठडी. एकाच छपराखाली इतका कारभार पाहून थोडे हसू येते.

[दृश्य : मुख्य रस्ता, डिसोटो हाऊस हॉटेल]

डिसोटो हाऊस हे हॉटेल १८५५ मध्ये उघडले, तेव्हा ते पाच मजली होते. पुढच्याच वर्षी अब्राहम लिंकन यांनी त्याच्या सज्जातून भाषण केले. १८६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ग्रँटचे प्रचार कार्यालय येथे होते. पण गावच आक्रसत गेले आणि एवढ्या खोल्या भरेनात, तेव्हा १८८० मध्ये वरचे दोन मजले उतरवण्यात आले. आज रस्त्यावरून दिसते ते तीन मजली हॉटेल. मुख्य रस्त्यावरील बाकीच्या इमारती मात्र पाडायला किंवा वाढवायला कोणाच्या हातात पैसाच उरला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील विटांची ही सलग रांग त्या चणचणीमुळे शाबूत राहिली. १९६९ मध्ये गावाचा मोठा भाग राष्ट्रीय वारसा नोंदीत गेला.

[दृश्य : नदीवरील पूल, पूर्वेकडील चढण, ग्रँट यांचे घर]

नदी ओलांडून पूर्वेला गेल्यावर बूथिलिए स्ट्रीटच्या चढणीवर १८६० मध्ये बांधलेले विटांचे घर आहे. युद्ध जिंकून १८ ऑगस्ट १८६५ रोजी ग्रँट गावी परतले, तेव्हा स्थानिक पुढाऱ्यांनी २,५०० डॉलरना घेतलेले हे सजवलेले घर त्यांना भेट दिले. पण ग्रँट येथे फार काळ राहिले नाहीत. १८६९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनला गेले, आणि पद सोडल्यावर जगप्रवासाला निघाले. त्याच प्रवासात फेब्रुवारी १८७९ मध्ये ते मुंबईला उतरले आणि तेथून उत्तर हिंदुस्थानात गेले. वर्ष सरता सरता, नोव्हेंबरमध्ये, ते गॅलिनाच्या या घरी आले, आणि काही काळानंतर न्यूयॉर्कला निघून गेले. १९०४ मध्ये त्यांच्या मुलांनी घर गावाला दिले. आता राज्य सरकार ते सांभाळते.

युद्धाच्या काळात कोणी ग्रँटना विचारले होते की, तुम्हाला राष्ट्राध्यक्ष व्हायचे आहे का? तेव्हा, आपल्याला गॅलिनाचा महापौर व्हावेसे वाटते, म्हणजे घरापासून रेल्वे स्थानकापर्यंत पदपथ बांधून घेता येईल, असे ते म्हणाल्याचे सांगतात. १८६५ च्या स्वागतासाठी मुख्य रस्त्यावर उभारलेल्या कमानीवर अक्षरे होती: सेनापती, पदपथ बांधून झाला आहे. गंमत अशी की, ग्रँटना खटकत होता तो हाय स्ट्रीटवरील जुन्या घरापासूनचा रस्ता, आणि गावाने दिलेले नवे घर थेट स्थानकाच्याच रस्त्यावर, थोडेसे वर होते.

[दृश्य : १८५७ चे विटांचे रेल्वे स्थानक, रिकामा फलाट]

घरापासून उतार धरून खाली आले की पाच-सात मिनिटांत स्थानक येते. येथे आता प्रवासी गाडी थांबत नाही. मालगाड्या तेवढ्या जातात.