येशू रडला

श्रोतेहो, नमस्कार. आज २ नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस. आमच्या वसईत आज संध्याकाळी दफनभूमीत पाय ठेवायला जागा नसते. कबरी धुऊन झालेल्या असतात, वर झेंडूची फुलं, कडेला मेणबत्त्या. वारा आला की त्या विझतात. मग शेजारच्या कबरीवरच्या ज्योतीवर आपली पुन्हा पेटवायची, शेजारी ओळखीचा असो नसो.

माझे वडील गेले तेव्हा भेटायला येणारा जो तो आईला सांगायचा, "रडू नका, ते प्रभूच्या घरी गेले." सांगणाऱ्यांची माया खरी होती. आईही मान हलवायची. सगळे गेले की मात्र वडिलांची गायनमंडळातली गाण्यांची वही उघडून बसायची. त्यात ओळींच्या कडेला त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं : 'इथं श्वास', 'हळू', 'घाई नको'. त्या 'घाई नको'वर तिचं बोट थांबायचं, आणि मग तिला आवरायचं नाही.

विश्वास आहे म्हणून रडायचं नाही, हा नियम केला कुणी? योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय काढा. लाजरला कबरीत ठेवून चार दिवस झालेत. बहीण मार्था येशूला गावाबाहेर गाठते आणि सरळ बोल लावते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. येशू तिला गप्प करत नाही. थोड्याच वेळात लाजर कबरीबाहेर येणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरीही ३५वं वचन अवघ्या दोन शब्दांचं आहे : येशू रडला.

अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या हाताखालून हे वचनही गेलं. त्यांचा पंथ आमच्याहून वेगळा, पण मरण काही पंथ विचारत नाही. दुष्काळात आधी त्यांचे वडील गेले, पाठोपाठ आई. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोघे तयार झाले, मग भाऊ आणि रमाबाई स्वतः. उंची कमी पडली म्हणून आईच्या तिरडीचा आपल्या बाजूचा भार त्या कोवळ्या मुलीनं डोक्यावर घेतला. पुढं भाऊ गेला. १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, नवरा गेला. राहिली तान्ही मनोरमा.

तोवर रमाबाई ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा १८८३चा. त्यानंतर तरी मरणानं त्यांचं दार टाळलं का? नाही. केडगावच्या मुक्ती मिशनचा, म्हणजे रमाबाईंनी निराधार बायकांसाठी उभारलेल्या संस्थेचा, भार जिच्यावर सोपवायचा, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली, वयाच्या चाळिशीत. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. कानांनी केव्हाच साथ सोडलेली. लेकीला मातीआड करून त्या पुन्हा त्याच कागदांपुढं बसल्या. त्या रडल्या नसतील, असं मला मुळीच वाटत नाही. अनुवाद पुरा झाला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही डोळे मिटले. मुक्तीतल्या बायकांनीच छपाईचे खिळे जुळवून ते बायबल छापलं. १९२४ मध्ये ते पूर्ण बाहेर आलं.

संध्याकाळी आईला घेऊन जायचंय. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत येईपर्यंत ती वहीतलं एक गाणं म्हणते. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज अडकतो, दरवर्षी तिथंच. मग ते कडवं आम्ही उचलतो.