टप्पा पडून येणारा चेंडू: थायलंडचा महिला क्रिकेट संघ

[दृश्य: सीमारेषेजवळ सराव. एक खेळाडू धावत येऊन चेंडू उचलते आणि फेकते. चेंडू थेट यष्ट्यांच्या वर, यष्टिरक्षकाच्या हातात.]

हा थ्रो नीट बघा. चेंडू उचलला, एक पाऊल टाकलं, आणि हात कानाजवळून सरळ पुढे गेला. हाताचा मोठा फेरा नाही, चेंडू उंच उडवणं नाही. लहानपणापासून क्रिकेटच खेळलेली मुलगी सहसा असं फेकत नाही. हा सॉफ्टबॉलचा हात आहे.

थायलंडमध्ये सॉफ्टबॉल शाळेत भेटतो. क्रिकेट बहुतेक घरांत ठाऊकही नसतं. महिला संघ उभा करायचा ठरलं तेव्हा फेकता येणाऱ्या, झेल घेता येणाऱ्या, जीव तोडून धावणाऱ्या मुली सॉफ्टबॉलमध्ये तयारच होत्या. अनेक वर्षं संघाची कर्णधार असलेली ऑफस्पिनर सोर्ननारिन टिपोच याच वाटेने आली. फक्त तिचीच नव्हे, संघाच्या पहिल्या पिढीतल्या अनेकींची वाट हीच.

[दृश्य: एका तळहातावर दोन चेंडू. जवळून.]

डावीकडे सॉफ्टबॉल. घेर साधारण ३० सेंटिमीटर, वजन १८० ग्रॅमच्या आसपास किंवा थोडं जास्त. उजवीकडे महिला क्रिकेटचा चेंडू. घेर २१ ते २२.५ सेंटिमीटर, वजन १४० ते १५१ ग्रॅम. लहान, हलका, पण दगडासारखा कडक, आणि मधोमध शिवण. सॉफ्टबॉलमध्ये झेल हातमोज्यात जातो. क्रिकेटमध्ये मोजा फक्त यष्टिरक्षकाकडे. बाकी दहा जणींनी उघड्या हातांनी निभवायचं. मोज्याची सवय असलेली मुलगी एकच हात पुढे करते आणि चेंडू बोटांच्या टोकांवर घेते. मग करंगळी सुजते. म्हणून पहिले काही आठवडे मऊ चेंडूवर दोन्ही हातांचा सराव: छातीच्या वर आला तर बोटं आकाशाकडे, खाली आला तर जमिनीकडे, आणि चेंडू लागताच हात अंगाकडे ओढायचे.

[दृश्य: नेमबाजीचा सराव. तीन यष्ट्या, पंचवीस-तीस पावलांवरून थ्रो.]

इथे दोन खेळांचं एक मोजमाप विलक्षण जुळतं. सॉफ्टबॉलमध्ये एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. क्रिकेटमध्ये एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत ५८ फूट, १७.६८ मीटर. जेमतेम दोन फुटांचा फरक. समोरची धावतेय, आपल्या हातात किती वेळ आहे, हे घड्याळ सॉफ्टबॉल खेळलेल्या मुलीच्या अंगात आधीपासून चालू असतं. त्यामुळे थायलंडचं क्षेत्ररक्षण फलंदाजीच्या कितीतरी आधी पिकलं. एकेरी धाव चोरायला निघालेल्या किती तरी संघांना याची किंमत मोजावी लागली.

धावताना मात्र उलटी गंमत होते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकून द्यायची आणि पळायचं. चेंडू रेषेच्या आत पडला तर पळावंच लागतं. क्रिकेटमध्ये बॅट हातात ठेवायची, टोक जमिनीवर टेकवून क्रीजच्या आत सरकवायचं, आणि पळायचं की नाही हे दोघींनी ओरडून ठरवायचं. नवी खेळाडू बॅट हवेत ठेवून क्रीजमध्ये पोहोचते आणि हातभराने धावबाद होते. सरावात यावर साधा इलाज आहे: क्रीजच्या अलीकडे मीटरभर चुन्याची रेघ ओढायची, आणि बॅट त्या रेघेपासून जमिनीला घासत न्यायची.

[दृश्य: नेट. फलंदाजाचे हात, मग पाय, मग डोकं. संथ गतीत.]

आता अवघड भाग. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता येतो, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात. बॅट मागच्या खांद्यावर, फटका आडवा. क्रिकेटमध्ये चेंडू आधी जमिनीवर आपटतो; कुठे आपटला यावर सगळं ठरतं. आडव्या बॅटने खेळणारी फुल टॉस झकास मारते, आखूड चेंडूही मारते. पण चांगल्या टप्प्याचा सरळ चेंडू बॅटच्या खालून जातो आणि यष्ट्या उडतात.

सुरुवात पकडीपासून. सॉफ्टबॉलमध्ये दोन्ही हात दांड्याला घट्ट आवळलेले असतात. क्रिकेटमध्ये वरचा हात मालक, खालचा नोकर. म्हणून आधी एकट्या वरच्या हाताने खेळायला लावतात: प्रशिक्षक दोन पावलांवरून चेंडू खाली सोडतात, तो एक टप्पा घेतो, आणि कोपर उंच ठेवून तो सरळ ढकलायचा. खालचा हात पाठीमागे. कंटाळवाणा सराव आहे, पण सोडला की आठवड्याभरात बॅट पुन्हा आडवी होते. पुढचा टप्पा दोन शंकूंमधल्या अरुंद वाटेचा: फटका त्या वाटेतूनच गेला पाहिजे. त्यानंतर साइडआर्म, म्हणजे लांब दांड्याच्या चमच्यातून टाकलेला वेगवान चेंडू. इथे डोकं बाजूला झुकलं की खेळ संपला.

सॉफ्टबॉलचा फटका सरसकट पुसून टाकायचा मात्र नाही. स्वीप आणि पुल हे त्याचेच चुलतभाऊ. टी-२०मध्ये ते लागतातच.

[दृश्य: गोलंदाजीचा रनअप. कॅमेरा बाजूने, कोपराच्या उंचीवर.]

गोलंदाजीत फेकणारा हातच आडवा येतो. थ्रो करताना कोपर वाकतो आणि झटक्याने सरळ होतो. चेंडू टाकताना तो पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ झाला तर गोलंदाजी अवैध. वेग काढायला गेलं की जुनी सवय उफाळते. फिरकी टाकताना हात संथ फिरतो, कोपर ताब्यात राहतो, आणि मनगटाची जाण सॉफ्टबॉलमधून आलेलीच असते. थायलंडकडे फिरकी गोलंदाजांची रांग का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. टिपोच आणि नत्ताया बूचाथम ऑफस्पिन, सुलीपोर्न लाओमी लेगस्पिन, थिपाचा पुत्थावोंग डावखुरी फिरकी. जुलै २०२३मध्ये युट्रेक्टला नेदरलंड्सविरुद्ध पुत्थावोंगने सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले. मध्यमगतीची चनिदा सुत्थिरुआंग हा अपवाद, आणि काय अपवाद! २०१९ची आयसीसीची सर्वोत्तम उदयोन्मुख महिला खेळाडू तीच.

[दृश्य: बँकॉकचं तर्डथाई मैदान. ढग. माणसं कव्हर ओढताहेत.]

उत्तराचं उरलेलं अर्धं जमिनीत आहे. मे ते ऑक्टोबर पाऊस. माती ओल धरून ठेवते, खेळपट्टी संथ होते, चेंडू खाली राहतो. कव्हर काढायचं कामही नाजूक: वरचं पाणी आधी कडेला ढकलायचं आणि मग कव्हर उताराच्या बाजूला गुंडाळत न्यायचं. घाईत मधूनच उचललं तर सगळं पाणी गोलंदाजाच्या रनअपवर ओतलं जातं. खेळपट्टी कोरडी आणि सामना रद्द, असं त्यामुळेच होतं.

या पावसाच्या भीतीने याच मैदानावर एक अजब दृश्य घडवलं. मे २०२५, टी-२० विश्वचषकाची आशियाई पात्रता स्पर्धा. संयुक्त अरब अमिरातीच्या कतारविरुद्ध १६ षटकांत बिनबाद १९२. टी-२०मध्ये डाव घोषित करता येत नाही. पाऊस यायच्या आत डाव संपवायचा तर मग काय, दहाच्या दहा फलंदाज एकामागून एक मैदानात आल्या आणि ‘निवृत्त बाद’, म्हणजे स्वतःहून बाद ठरून परतल्या. कतार २९ धावांत गारद. त्या स्पर्धेतून पुढे गेले ते थायलंड आणि नेपाळ.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, धावफलक.]

थायलंडच्या मुली पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या २००७मध्ये, बांगलादेशविरुद्ध. २०१७च्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक. जून २०१८मध्ये क्वालालंपूरला आशिया चषकात श्रीलंकेवर विजय, पूर्ण सदस्य, म्हणजे कसोटी दर्जा असलेल्या देशावर मिळवलेला पहिलाच. आणि मग जुलै २०१८ ते ऑगस्ट २०१९ टी-२०मध्ये सलग १७ विजय. ऑस्ट्रेलियाचा १६चा विक्रम मोडला. नेदरलंड्सने ही घोडदौड थांबवली. यातले बरेच विजय आपल्यासारख्याच नवख्या संघांवरचे होते, हे खरंच. पण समोर कोण येणार हे वेळापत्रक करणारे ठरवतात, खेळणाऱ्या नव्हे.

सप्टेंबर २०१९मध्ये स्कॉटलंडमधल्या पात्रता फेरीत पापुआ न्यू गिनीला हरवून संघ टी-२० विश्वचषकात पोहोचला. मुख्य प्रशिक्षक होते पुण्याचे हर्षल पाठक.

[दृश्य: पर्थ, फेब्रुवारी २०२०. वाका मैदान.]

पहिला सामना वेस्ट इंडिजशी, तोही वाकावर. संथ खेळपट्टीवर गुडघ्याएवढा उसळणारा चेंडू इथे बरगडीपर्यंत येतो. पुढच्या पायावर खेळायची सवय असेल तर बॅटच्या वरच्या भागाला लागून चेंडू हवेत. १२० चेंडूंत ७८ धावा, नऊ बाद. इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धही मोठे पराभव झाले.

३ मार्च, सिडनी, पाकिस्तान. सलामीच्या नत्थाकन चंथमने ५० चेंडूंत ५६ केल्या, बूचाथमने ४४. तीन बाद १५०. हाच संघ, त्याच स्पर्धेत. दुसरा डाव पावसाने होऊच दिला नाही.

[दृश्य: सामन्यानंतर संघ ओळीने उभा. हात जोडून प्रेक्षकांना वाकून नमस्कार. निवेदन नाही. वीस सेकंद.]

[दृश्य: शारजा, नोव्हेंबर २०२०. विमेन्स टी-२० चॅलेंज.]

सांगलीच्या स्मृती मानधनाच्या ट्रेलब्लेझर्स संघात चंथमची निवड झाली. अंतिम सामन्यात सीमारेषेवर तिने झेप घेऊन चौकार अडवला. चेंडू आत, अंग बाहेर. सुरुवातीचा तो थ्रो आणि ही झेप एकाच शाळेतली. ट्रेलब्लेझर्स जिंकल्या.

[दृश्य: नकाशा, हरारे.]

नोव्हेंबर २०२१, ५० षटकांच्या विश्वचषकाची पात्रता फेरी. थायलंड पाकिस्तानकडून हरला. झिम्बाब्वे, बांगलादेश आणि अमेरिकेला हरवून गटात पहिला आला. ओमिक्रॉनमुळे स्पर्धा मध्येच थांबली. मग विश्वचषकाच्या जागा एकदिवसीय क्रमवारीवर दिल्या गेल्या. थायलंडला एकदिवसीय दर्जाच नव्हता, म्हणजे त्यांचे ५० षटकांचे सामने अधिकृत धरले जात नव्हते, म्हणून क्रमवारीत नावही नव्हतं. पाकिस्तान, बांगलादेश आणि वेस्ट इंडिज गेले. दर्जा मिळाला मे २०२२मध्ये.

[दृश्य: सिल्हेट, ६ ऑक्टोबर २०२२. आशिया चषक.]

पाकिस्तान पाच बाद ११६. एवढ्यावर रोखलं ते फिरकीने आणि त्या थ्रोंनी. पाठलागात चंथमच्या ५१ चेंडूंत ६१. तिची बॅट बघा: स्वीपला आडवी, आणि पुढच्याच सरळ चेंडूला सरळ. एक चेंडू आणि चार गडी राखून विजय. पुढे भारताविरुद्ध ३७ धावांत सर्वबाद, तरीही उपांत्य फेरी गाठली. तिथे पुन्हा भारत, ७४ धावांनी पराभव.

महिन्याभराने चियांग माई. पहिलावहिला अधिकृत एकदिवसीय सामना, समोर नेदरलंड्स. चंथमचं शतक, १०२. थायलंड १०० धावांनी विजयी.

[दृश्य: नेट. फलंदाज आणि साइडआर्म.]

टी-२०च्या सवयीने खेळणाऱ्यांना ५० षटकांत मधली तीस षटकं जड जातात. क्षेत्ररक्षण पांगलेलं असतं, चौकार मिळत नाहीत, आणि दर षटकाला चार-पाच एकेरी-दुहेरी काढायच्या तर चेंडू बोटाएवढ्या फटीतून ढकलावा लागतो. नेटमध्ये फटी नसतात. हे फक्त सामन्यांत येतं, आणि तेही चांगल्या गोलंदाजीसमोर. एप्रिल २०२५मध्ये लाहोरच्या पात्रता फेरीत बांगलादेशच्या २७१ धावांसमोर थायलंड ९३वर आटोपला. त्या स्पर्धेतले पाचही सामने संघ हरला. मोठ्या संघांशी ५० षटकांचे सामने या मुलींच्या वाट्याला येतात ते बहुतेक अशा पात्रता फेरीतच, म्हणजे सराव आणि परीक्षा एकाच दिवशी.