हरिहरचा जिना आणि वीस बाजूंचा फासा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका घरात रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पनेतला खेळ खेळायला जमणाऱ्या मंडळींना आज खेळ सुरू होण्यापूर्वीच एक सूचना मिळाली आहे, आणि ती अशी, की प्रत्येकाने एक नव्हे तर दोन कॅरेक्टर, म्हणजे खेळात आपण चालवायची काल्पनिक पात्रे, तयार करून आणावीत. दुसरे कॅरेक्टर कशासाठी, असे कोणीही विचारलेले नाही. टेबलावर चौकटींच्या कागदावर काढलेला नकाशा आहे, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे आहेत, चिवड्याची ताटली आहे, आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे या खेळाची डंजन मास्टर बसली आहे, जिला इथे सगळे ताई म्हणतात. व्यवसायाने ती स्थापत्य अभियंता असल्यामुळे तिच्या नकाशातील जिन्याची रुंदी, छताची उंची आणि दार कोणत्या बाजूला उघडते हे सारे नोंदलेले असते, आणि आजच्या खेळात याच नोंदींवर कॅरेक्टरचे जगणे-मरणे ठरणार आहे.

खेळाची मांडणी थोडक्यात सांगता येते. डंजन मास्टर परिस्थितीचे वर्णन करते, आपले कॅरेक्टर काय करते ते खेळाडू सांगतात, आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावाने १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हे सूत्र बदललेले नाही. पुढच्याच वर्षी, जुलै १९७५ मध्ये, बाल्टिमोर येथील ओरिजिन्स या मेळाव्यातील स्पर्धेसाठी गायगॅक्सने एका थडग्यात घडणारे साहस, म्हणजे खेळण्यासाठीचे कथानक आणि त्याचा नकाशा, रचले, आणि १९७८ मध्ये ते ‘टूम ऑफ हॉरर्स’ या नावाने छापून आले. स्वतःच्या टेबलावरचे तरबेज खेळाडू आणि आपल्या कॅरेक्टरच्या अजिंक्यपणाच्या बढाया मारणारे बाहेरचे खेळाडू या दोघांनाही घाम फुटावा, हा त्यामागचा उघड हेतू होता. तलवार चालवत सुटणाऱ्यांना हे साहस रुचणार नाही, इथे डोके वापरावे लागेल, असा इशारा त्याने प्रस्तावनेतच देऊन ठेवला होता.

त्या थडग्यातील सर्वांत कुप्रसिद्ध जागा म्हणजे भिंतीवर कोरलेला, जबडा वासलेला एक हिरवा सैतानी चेहरा होय. जबड्याच्या आत मिट्ट काळोख आहे, आणि त्या काळोखात जे शिरेल ते कायमचे नष्ट होते. तिथे वाचण्यासाठी फासा टाकण्याची सोयसुद्धा नाही. गेल्या पन्नास वर्षांत हे उदाहरण क्रूरपणाचा नमुना म्हणून असंख्य वेळा सांगितले गेले आहे, परंतु ते सांगताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते. त्याच दालनाच्या जमिनीत दडवलेल्या कोड्यात, शक्य तोवर हिरवा रंग टाळावा, असे लिहिलेले आहे. शिवाय स्वतः आत शिरण्यापूर्वी एखादी काठी त्या जबड्यात घालून पाहणाऱ्याचे केवळ काठीवर निभावते. म्हणजे ही जागा प्राणघातक आहे, पण फसवी नाही. त्या थडग्यातील प्रत्येक सापळ्याबद्दल असे म्हणता येणार नाही, आणि पुढे त्याची नक्कल करणाऱ्या अनेकांनी दुर्दैवाने इशाऱ्याचा भाग सोडून फक्त जबडा तेवढा उचलला.

ताईने आजच्या साहसासाठी निवडलेली जागा नाशिककरांच्या परिचयाची आहे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेतील हरिहर किल्ल्यावर जाताना कातळात खोदलेला, जवळजवळ उभा जिना लागतो. त्याच्या पायऱ्यांना हात रोवण्यासाठी खोबणी केलेल्या आहेत, त्यावरून एका वेळी एकच माणूस नीट चढू शकतो, आणि दरवाजा ओलांडल्यावर कड्याच्या पोटातून वाकून जाणारी वाट पुढच्या पायऱ्यांकडे नेते. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तिथे गेलेल्या कोणालाही ठाऊक असते की खरी भीती चढणाची नसते. चढणारे आणि उतरणारे मध्यावर समोरासमोर आले, की कोणाला मागे सरता येत नाही आणि पुढे जाता येत नाही, आणि त्या वेळी पाय कापू लागतात. ताईने हीच अडचण उचलली आहे. तिच्या काल्पनिक किल्ल्यात वरून कोणी बाण मारत नाही की दगड लोटत नाही. फक्त परतीच्या वाटेवर, जखमी साथीदाराला खाली आणताना, तोच जिना पुन्हा उतरावा लागतो.

खेळाडू पायथ्याशी पोहोचताच ती सांगते की पायऱ्यांवर शेवाळ आहे, खोबणींत पाणी साचले आहे, आणि खाली झुडपात एक चेपलेले शिरस्त्राण पडले आहे.

“ताई, मी काठीने पुढची पायरी तपासत चढतो,” महाविद्यालयात शिकणारा एक खेळाडू म्हणतो.

“चढ. पण एका हातात काठी असेल, तर खोबणीत तुझा एकच हात राहील. चालेल ना?”

तिच्या या प्रश्नात पुढच्या धोक्याची पूर्ण माहिती आहे आणि तरीही निर्णय खेळाडूचाच राहतो. गोदावरीला पूर येतो तेव्हा पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आले हे पाहून नाशिककर सावध होतात. इथेही धोक्याची पातळी अशीच टप्प्याटप्प्याने आणि सर्वांच्या नजरेसमोर वाढायला हवी, कारण मारुती बुडाल्यावर पूर आल्याचे जाहीर करण्यात काही अर्थ नसतो.

फाशाच्या बाबतीत मात्र अनेक नवे डंजन मास्टर फसतात, कारण एकेकटा पाहिला तर फासा दयाळू वाटतो. समजा, एका सापळ्यातून वाचण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर चार किंवा त्याहून मोठा आकडा पुरेसा आहे. ही शक्यता ८५ टक्के, म्हणजे सौम्यच म्हणायची. परंतु असे सहा सापळे ओळीने मांडले, तर साऱ्यांतून सुखरूप बाहेर पडण्याची शक्यता सुमारे ३८ टक्क्यांवर येते, आणि खेळाडूने कुठेही चूक केलेली नसते. त्यामुळे साहस जितके घातक, तितके त्यातले फासे कमी आणि प्रश्न जास्त असावेत, असा ताईचा आग्रह आहे. विचारपूर्वक केलेली कृती बिनफाशाची यशस्वी ठरवायची, आणि फासा राखून ठेवायचा तो घाईसाठी.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो, की मग खेळाडू प्रत्येक फरशी काठीने ठोकत बसतील आणि दुपार निघून जाईल. जुन्या नियमांत याचे उत्तर सापडते, आणि ते आजही मागे पडलेले नाही. या खेळाच्या १९८१ च्या ‘बेसिक’ आवृत्तीत खेळातला काळ दहा-दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजला जातो. मशाल सहा टर्न, म्हणजे एक तास जळते, आणि दर दोन टर्नांनी डंजन मास्टरने सहा बाजूंचा फासा टाकल्यावर एक पडला, तर एखादा भटका राक्षस वाटेत येतो. म्हणजे तासाभरात किमान एकदा गाठ पडण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के होते. आता काठीने ठोकत बसणे फुकट राहत नाही. सावधपणाला वेळेची किंमत आहे आणि घाईला रक्ताची, आणि त्यातली कोणती मोजायची हे खेळाडूंना वारंवार ठरवावे लागते. माझ्या मते या प्रकारच्या साहसाची सारी गंमत या सौद्यात आहे. राक्षस किती मोठा, याला दुय्यम महत्त्व आहे.

राक्षसांविषयी फार बोलण्यासारखे नाही. एकटा अजस्र राक्षस पाच जणांच्या वाट्याच्या पाच कृतींपुढे बहुधा लवकर कोसळतो, तर कोपऱ्याआड दडलेले सहा सामान्य तिरंदाज तीच पार्टी, म्हणजे कॅरेक्टरचा गट, संपवू शकतात. त्याच बेसिक आवृत्तीत शत्रूंच्या मनोधैर्याला दोन ते बारा असा अंक दिलेला असतो, आणि दोन फाशांची बेरीज त्याहून जास्त आली, तर ते पळ काढतात किंवा शरण येतात. हा नियम पाळला, तर घातक साहसातही वाटाघाटीला जागा उरते.

काल्पनिक किल्ल्यावरच्या गुहांचा नकाशा ताईने नाशिकच्या पांडवलेण्यांतील विहारांवरून घेतला आहे: मध्ये प्रशस्त दालन आणि तीन बाजूंना भिक्षूंच्या कोठड्या. लेणे क्रमांक तीनच्या ओवरीत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा ब्राह्मी शिलालेख सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे, आणि बहुतेक पर्यटक त्याच्याखालून तो न पाहता आत जातात. ताईच्या गुहेतही दारावरच एक लेख कोरलेला आहे, आणि कोणत्या कोठडीचे दार उघडू नये हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. आज तो वाचण्यासाठी एकही खेळाडू थांबलेला नाही.

पहिले मरण येते ते पार्टीतील ज्येष्ठ खेळाडूच्या कॅरेक्टरला. बँकेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना बाकीचे काका म्हणतात. मशाल विझण्याच्या बेतात असताना, पाठीवर जखमी साथीदाराला घेऊन, दोर न बांधता जिना उतरायचे ते ठरवतात.

“काका, हात मोकळे नाहीत आणि पायरी ओली आहे. खाली तीनशे फूट दरी आहे. तुम्ही उतरणार आहात?”

“उतरतो. वेळ कुठे आहे?”

फासा आडोशामागे न टाकता सर्वांसमोर टाकला जातो, आणि दोन पडतात. ताई आकडा बदलत नाही. आडोशामागे तो गुपचूप बदलणे सोपे असते, आणि अनेक डंजन मास्टर दयेपोटी तसे करतातही. पण एकदा तसे झाले, की उरलेल्या खेळाडूंच्या सावधपणाला काही मोल राहत नाही. अर्थात इतके निष्ठुर होण्याची परवानगी आधी घ्यावी लागते. या साहसात कॅरेक्टर मरतील, त्यांना जिवंत करण्याचा उपाय नाही, आणि टेबलावर कोणते विषय मुळीच येऊ द्यायचे नाहीत, हे सारे पहिल्याच बैठकीत बोलून ठरलेले होते. ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी हलके साहस खेळायची ताईची तयारी असते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

काकांना मात्र ताटकळत बसावे लागत नाही. किल्ल्यावरच्या कोठारात बंदी म्हणून सापडलेला मनुष्य हे त्यांचे दुसरे कॅरेक्टर ठरते, आणि पंधरा मिनिटांच्या आत ते पुन्हा खेळात येतात.

संध्याकाळी फासे डब्यात गेल्यानंतर खरा वाद रंगतो. बंद राहिलेल्या कोठडीत काय होते, हे सर्वांना हवे आहे, आणि ताई ते सांगत नाही, कारण तीच गुहा पुढच्या रविवारी पुन्हा खेळली जाणार आहे. ज्याचे कॅरेक्टर मेले त्याला तरी आपल्या मरणाचे कारण कळले पाहिजे, असे काकांचे म्हणणे पडते. जिन्यापुरते ताईला ते मान्य आहे. ती आपली वही उघडून त्यांच्यापुढे ठेवते आणि पेन्सिलीने केलेल्या तीन खुणा दाखवते: शेवाळ कोणत्या वेळी सांगितले, शिरस्त्राण कोणत्या वेळी, आणि वर चढताना कड्यात ठोकलेला, दोर बांधण्यासाठीचा लोखंडी कडीचा खिळा कोणत्या वेळी. खिळ्याचा उल्लेख काकांना आठवत नाही. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला तो आठवतो, आणि आपण त्याच वेळी चिवडा आणायला आत गेलो होतो की काय, याची काका त्याच्याकडे चौकशी करू लागतात.