सातबाऱ्यावरची जमीन आणि टी.पी.मधला प्लॉट

नमस्कार श्रोतेहो.

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या वाड्यांतून निघालेली आपली वडोदऱ्याची मराठी मंडळी मांजलपूर, गोत्री, वासणा करत करत आता भायली, बिल, सेवासीपर्यंत पोचली आहेत. ही तिन्ही गावं २०२० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. तिकडे गेलात तर चांगला २४ मीटर रुंद रस्ता लागतो आणि पुढे तोच रस्ता एरंडीच्या शेतापाशी एकदम थांबतो. तिथला दलाल सांगतो, “काका, काळजी करू नका, टी.पी. पडली आहे.” टी.पी. पडली म्हणजे नेमकं किती पडलं, हे त्याला विचारायला हवं. आजचं बोलणं त्याबद्दल.

टी.पी. म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, नगररचना योजना. मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्यानं ही पद्धत आली. गुजरातचा आजचा कायदा १९७६ चा. तो १९७८ पासून लागू झाला आणि आपली वुडा, म्हणजे वडोदरा शहरी विकास प्राधिकरण, तीही त्याच वर्षीची. पद्धत अशी, की सरकार शेतकऱ्यांची जमीन संपादन करून त्यांना बाहेर काढत नाही. साधारण शंभर हेक्टरांचा पट्टा घेतात, सगळ्यांची शेतं कागदावर एकत्र करतात, रस्ते, बागा, शाळा यांच्यासाठी प्रत्येकाकडून हिस्सा कापतात आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून, ज्याची त्याला परत देतात. मूळ तुकडा तो ओरिजिनल प्लॉट, ओ.पी.; परत मिळतो तो फायनल प्लॉट, एफ.पी. एखाद्या शेतकऱ्याचा पुरा कपाळमोक्ष होऊन शेजाऱ्याचं सोनं व्हावं, असा प्रकार यात कमी होतो. माझ्या मते संपादनापेक्षा ही पद्धत पुष्कळ न्याय्य आहे. तिचं दुखणं वेगळं आहे, त्याकडे येतोच.

कपात किती? कायद्यात रस्त्यांना १५ टक्के, बागा-मैदानांना ५, शाळा-दवाखाना-अग्निशमन अशा सोयींना ५ आणि प्राधिकरणानं विकून खर्च भागवावा म्हणून १५, असा ४० टक्क्यांचा हिशेब दिला आहे. जागेच्या स्वरूपाप्रमाणे तो कमीजास्त होतो. दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० टक्क्यांच्या आसपास जमीन राखायची तरतूद वेगळ्या कलमात आहे.

आता पैशांचं गणित. आकडे समजण्यापुरते धरतो. विघ्याचं माप गुजरातेत गावागणिक बदलतं, म्हणून चौरस मीटरमध्येच बोलू. कुणाची १०,००० चौरस मीटर जमीन आहे आणि योजना जाहीर झाली त्या दिवशी भाव मीटरला १,००० रुपये होता. मूळ किंमत एक कोटी. परत मिळाले ६,००० मीटर. सुधारणा न धरता त्यांची किंमत ६० लाख. म्हणजे भरपाई झाली ४० लाख. रस्ते-गटारं झाल्यावर भाव २,५०० होईल असं धरलं, तर त्याच ६,००० मीटरची किंमत दीड कोटी. वाढ ९० लाख. कायदा या वाढीतला जास्तीत जास्त अर्धा वाटा मागतो, म्हणजे ४५ लाख. त्यातून भरपाईचे ४० लाख वजा केले की मालकानं भरायचे उरले ५ लाख. जमीन ४० टक्के गेली, तरी हातातला तुकडा एक कोटीचा दीड कोटी झाला.

हे गणित बिघडतं ते वेळेमुळे. किमती योजनेचा इरादा जाहीर झाला त्या तारखेच्या धरतात. इराद्यानंतर नऊ महिन्यांत मसुदा व्हावा, सरकारनं तीन महिन्यांत मंजुरी द्यावी, मग नगररचना अधिकाऱ्यानं वर्षभरात प्रिलिमिनरी, म्हणजे प्राथमिक योजना करावी, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात वर्षांमागून वर्षं जातात. मालकांकडून येणारा पैसा जुन्या भावाचा आणि डांबर, सिमेंट, पाइप आजच्या भावाचे, मग योजनेची तिजोरी कोरडी राहते. विक्रीचे १५ टक्के प्लॉट त्यासाठीच घातले आहेत.

शेतात थांबलेला तो रस्ताही याच टप्प्यांमुळे. मसुदा मंजूर झाला की रस्त्याची जमीन प्राधिकरणाकडे येते, म्हणून रस्ता आधी उघडता येतो. पण तुमच्या एफ.पी.ची जागा, आकार, क्षेत्रफळ पक्कं होतं ते प्रिलिमिनरी मंजूर झाल्यावर. पैशांचा हिशेब फायनल, म्हणजे अंतिम योजनेत. मसुद्यातला कोपऱ्यावरचा प्लॉट पुढच्या टप्प्यात चार घरं आत सरकू शकतो. तेव्हा दलालाला विचारायचं ते हे: इरादा, मसुदा, प्रिलिमिनरी की फायनल?

कागद कोणते पाहायचे? सातबारा, आठ-अ आणि सहा नंबरच्या फेरफार नोंदी आपण पाहतोच. वारस, बोजा आणि जमीन जुन्या शर्तीची की नव्या, हे त्यातून कळतं. नव्या शर्तीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि प्रीमियम भरल्याशिवाय विकता येत नाही, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नंतर बिनखेतीचा, म्हणजे बिनशेती वापराचा हुकूम. पण टी.पी.च्या भागात खरा कागद म्हणजे एफ फॉर्म आणि सोबतचा ओ.पी.-एफ.पी. नकाशा. एफ फॉर्मच्या एकाच ओळीत मालक, सर्व्हे नंबर, ओ.पी.चं क्षेत्र, एफ.पी.चा नंबर आणि क्षेत्र, देणं-घेणं आणि शेरा असतो. शेरा न वाचता पुढे जाऊ नका. सामाईक हक्क, वाद, जुनं बांधकाम यांची खूण तिथे सापडते. एफ.पी.चा हाच नंबर रजा चिठ्ठीवर (बांधकाम परवानगीवर), रेराच्या नोंदणीत आणि दस्तावेजात जुळला पाहिजे. काही विक्रेते दर सांगतात सातबाऱ्यावरच्या क्षेत्राचा आणि ताबा देतात एफ.पी.प्रमाणे. तिथेच चाळीस टक्क्यांचा घोळ होतो.

आणखी एक नेहमीची फसगत. योजना मंजूर झाली तरी महसुली दप्तरात जुना सर्व्हे नंबर तसाच राहतो. कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद, होऊन दुरुस्ती होईपर्यंत दस्तावेज एक बोलतो, उतारा दुसरं, आणि बँकेचा वकील फाइल परत पाठवतो. शिवाय योजनेची नोटीस जाते दप्तरातल्या मालकाला. बानाखतावर (विक्रीच्या नुसत्या करारावर) किंवा नोटरीच्या कागदावर प्लॉट घेऊन बसलेल्या माणसाला ती मिळतच नाही, त्याचा एफ.पी. मूळ मालकाच्या नावानं एकत्र निघतो आणि मग दावे सुरू होतात.

हरकत घ्यायची असेल तर मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एक महिना मिळतो. पुढे नगररचना अधिकारीही मालकांना सुनावणी देतो. “आमची जमीन कापू नका” असा अर्ज फायलीत पडून राहतो. त्याऐवजी ओ.पी. नंबर, सर्व्हे नंबर, विहीर, बोअर, झाडं, घर यांचं मोजमाप असलेला नकाशा जोडा आणि रस्ता कुठून किती मीटर सरकला तर घर वाचेल ते दाखवा. शेजारच्या चार मालकांनी एकच नकाशा दिला तर त्याचं वजन वाढतं. पोच घ्यायला विसरू नका.

त्याच महिन्यात सोसायट्यांनी आणखी एक बाब बघावी. शंभर हेक्टरांच्या योजनेत बागा-मैदानांचे ५ टक्के म्हणजे ५ हेक्टर. कागदावर भरपूर. पण दोन-दोन हजार मीटरचे पंचवीस तुकडे केले, तर फुटबॉलचं एकही मैदान बसत नाही. त्याला साधारण ७,००० मीटर सलग लागतात. दुर्बल घटकांच्या प्लॉटचंही तसंच. ते बसच्या रस्त्यापासून दूर, वेड्यावाकड्या कोपऱ्यात ढकलले, की तिथे घरं झाली तरी कामाला जाणाऱ्या बाईचा अर्धा पगार रिक्षात जातो. ही भांडणं मसुद्याच्या वेळीच भांडायची असतात, आणि नेमकं तेव्हा कुणी येत नाही.

आता पाणी. ३१ जुलै २०१९ ला वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री वस्त्यांत शिरली, हे सगळ्यांना आठवतंय. नदी सगळ्यांना दिसते. कांस दिसत नाहीत. भूखी, मसिया, रूपारेल हे शेतांचं पाणी नदीकडे नेणारे आपले कांस. शेत असताना कांस वळणं घेत, पसरत जातो. चौकोनी प्लॉट पाडायचे म्हटलं की तोच कांस रस्त्याच्या कडेला सरळ ओढतात आणि काटकोनात वळवून पेटीगटारात घालतात. काटकोनाशी गाळ साचतो, पेटीची कुवत ठरलेली असते, आणि नदी भरली की पाणी उलटं येतं. शेतात पसरून जिरणारं पाणी मग पार्किंगमध्ये उभं राहतं.

म्हणून प्लॉट घेण्याआधी टी.पी.चा नकाशा गावच्या जुन्या महसुली नकाशावर ठेवून बघा. जुन्या नकाशात जिथून नाला किंवा कांस गेलेला दिसतो, ती जागा आज भरून सपाट केली असली तरी तिचा उतार तोच राहतो. जागेवर गेलात की पारदर्शक नळीत बुडबुडे न ठेवता पाणी भरा, एक टोक रस्त्याच्या मध्यावर आणि दुसरं जोत्यापाशी धरा. दोन्हीकडची पाण्याची रेघ एका पातळीत येते, तिथून खाली मोजलं की फरक कळतो. जोतं रस्त्याच्या मध्यापेक्षा निदान दीड फूट उंच हवं, दोन फूट असेल तर बरं. जुना थर न खरवडता नवा डांबरी थर टाकला तर दर खेपेला रस्ता दोन-तीन इंच चढतो. समोर अजून कच्चा रस्ता असेल, तर नळी लावून काहीच कळणार नाही. तेव्हा रस्त्याची ठरलेली पातळी प्राधिकरणाच्या इंजिनिअरिंग विभागातून लेखी मागा आणि ती हातात आल्यावरच बिल्डरशी जोत्याची उंची ठरवा.