नाताळ, पण कुणाचा?

(स्टॉकहोममधल्या आपल्या मंडळाच्या डिसेंबर मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी,

तीन वाजायचेत आणि बाहेर दिवेलागण झाली. वसईला या वेळी माझी आई दुपारची झोप आटोपून चहाचं आधण ठेवायची.

वसईचं नाव मुद्दाम काढलं. आमच्या आळीत निम्मी घरं ख्रिस्ती. दिवाळी सरली की आमच्या आकाशकंदिलाचा कागद सोलून सांगाडा शेजारी द्यायचा. नाताळला त्याच कामट्यांची पाच टोकांची चांदणी त्यांच्या ओटीवर लटकायची. 'ख्रिसमस' फक्त शुभेच्छापत्रावर. बोलताना नाताळच.

इथे ऑफिसात फिकाच्या, म्हणजे कॉफीच्या सुट्टीच्या, टेबलावर माझा एक सहकारी दर डिसेंबरला एकच रेकॉर्ड लावतो: हा सण मूळचा आमचा, चर्चनं पळवला. पुरावा काय, तर 'यूल' हा शब्द, इथलं नाताळचं नाव. त्यात ख्रिस्त कुठे आहे? मी म्हटलं, बाबा रे, आमच्या शब्दात तरी कुठे आहे! नाताळ हा पोर्तुगीज 'नाताल'. वसई 1534 पासून 1739 पर्यंत, म्हणजे चिमाजीअप्पांनी घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडे होती. 'नाताल'मागे लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मदिवस. कुणाचा, हे शब्द सांगत नाही.

बायबलही तारीख सांगत नाही. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान जन्माची कथाच सांगत नाहीत. मत्तय सांगतो की हेरोद राजा जिवंत होता. तो इसवी सनापूर्वी 4 मध्ये वारला असं बहुतेक इतिहासकार मानतात, म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व काळातला! लूक ज्या क्विरिनियस या रोमन सुभेदाराच्या शिरगणतीचा दाखला देतो, ती इसवी सन 6 ची. वर्षाचीच ही गत, तिथे महिन्याचं काय घेऊन बसलात? लूकच्या जन्मकथेत मेंढपाळ रात्री रानात मेंढरं राखत होते, म्हणून डिसेंबर नव्हेच, असं छातीठोक सांगणारे भेटतात. बेथलेहेम डोंगरावर आहे, हिवाळ्यात तिथे थंडी-पाऊस असतो, हे खरं. पण मेंढरं कळपानं बाहेर ठेवणारे लोक थंडीतही ठेवतात. आपल्या धनगरांना विचारा. या एका ओळीवर पंचांग उभं राहत नाही.

इसवी सन 200 च्या सुमाराला अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती पंडित क्लेमेंट वेगवेगळ्या लोकांनी काढलेल्या जन्मतारखा नोंदवतो. एक मे महिन्यात पडते, दुसरी एप्रिलमध्ये. 25 डिसेंबर त्यांत नाही.

ती सापडते रोममध्ये, 354 च्या एका हस्तलिखितात. फिलोकालस नावाच्या सुलेखनकारानं एका श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी केलेलं हे पंचांगच म्हणा ना. मूळ प्रत गेली, नकलांच्या नकला उरल्या. त्यात हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची एक यादी आहे, ती 336 च्या सुमाराची मानतात. तिची सुरुवातच अशी: 25 डिसेंबर, यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. आता त्याच हस्तलिखितातलं सरकारी सणावारांचं कॅलेंडर उघडा. 25 डिसेंबरपुढे 'एन', मग 'इन्विक्टी', आणि रथांच्या 30 शर्यती. 'एन' म्हणजे नातालिस. अजिंक्याचा जन्मदिवस. हा अजिंक्य म्हणजे सूर्य, ज्याचं देऊळ सम्राट ऑरेलियननं 274 मध्ये रोममध्ये बांधलं. माझ्या आळीतला नाताळ तिथे एका अक्षरात बसलाय, आणि तो सूर्याचा आहे.

मग माझा सहकारी जिंकला का? अर्धाच. कारण 25 डिसेंबरला सूर्याचा जन्मदिवस असल्याचा सर्वांत जुना पक्का पुरावाही हेच हस्तलिखित. कुणी कुणाची तारीख घेतली, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय दुसराही एक हिशेब आहे. येशूला क्रूसावर दिलं तो दिवस 25 मार्च, असं तेर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक 200 च्या आसपास लिहितो. गर्भधारणाही त्याच तिथीला झाली, अशी समजूत पुढे रूढ झाली. नऊ महिने मोजा, 25 डिसेंबर येतो. पूर्वेकडे काही जण 6 एप्रिल धरत. तिथून मोजलं की 6 जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही जन्मोत्सव 6 जानेवारीलाच करतं. सूर्यानं तारीख दिली असेल-नसेल, पण सण रुजवला त्यानंच, असं मला वाटतं. पाचव्या शतकात पोप लिओ प्रवचनात चिडलेत: लोक रोमच्या सेंट पीटर चर्चच्या पायऱ्या चढतात, वर पोचले की मागे वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात, मग आत येतात. यात चिडण्यासारखं काय, असं आपल्यातल्या कुणालाही वाटेल.

आता यूलकडे. यूल ख्रिस्ती धर्माच्या आधीचा, यात वाद नाही. पण तो 25 डिसेंबरचा नव्हता. आइसलँडचा जुना इतिहासकार स्नोरी सांगतो की दहाव्या शतकात नॉर्वेच्या होकोन राजानं कायदा केला: यूल ख्रिस्ती सणाच्या दिवशीच पाळायचा, प्रत्येकानं ठरल्या मापाची बियर गाळायची आणि ती संपेपर्यंत सुट्टी. स्नोरी लिहितोय तीनशे वर्षांनी, तेव्हा मीठ चवीपुरतं घ्या. तरी सण हलवला असेल तर असाच, पिंपासकट! यूलला इथे मांडतात त्या गवती बकऱ्याला थॉर या जुन्या नॉर्डिक देवाच्या रथाचे बकरे जोडणारे पुष्कळ आहेत. मधल्या शतकांचा पुरावा मात्र तोकडा आहे. येव्ले शहरातला 13 मीटरचा बकरा तर 1966 पासूनचा. तो किती वेळा जाळला गेला हे त्याच्या जन्मकथेपेक्षा रंजक आहे. आणि घरातलं सूचिपर्णी झाड अठराव्या शतकात जर्मनीहून आलं.

खरी गंमत लुसियाची, म्हणजे 13 डिसेंबरला संत लुसियाच्या नावानं होणाऱ्या इथल्या दिव्यांच्या सणाची. ती रात्र वर्षातली सर्वांत मोठी, असं इथली जुनी माणसं म्हणतात. आज ते चूक आहे. पण जुन्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठं होतं, आणि साचत साचत चौदाव्या शतकात सर्वांत मोठी रात्र खरोखर 13 डिसेंबरवर आली होती. स्वीडननं 1753 मध्ये कॅलेंडर दुरुस्त केलं. म्हण तशीच राहिली.

हसू नका. सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला आणि आपण उत्तरायण साजरं करतो जानेवारीच्या मध्यात. कारण वेगळं: आपली संक्रांत ताऱ्यांवरून ठरते आणि पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, त्यामुळे साधारण 72 वर्षांत एक दिवस मागे पडतो. सुमारे 1,700 वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होती. ऑरेलियन रोममध्ये सूर्याचं देऊळ उघडत होता, साधारण त्याच काळात.

तेव्हा पुढचा मेळावा संक्रांतीचा, उत्तरायण लागून तीन आठवडे झाल्यावर. गेल्या वर्षी तिळगूळ दगड झाला होता, त्यामुळे पाक ज्यांना जमतो त्यांनीच नावं द्या. आज गोव्याच्या मंडळींनी नाताळच्या नेवऱ्या आणल्यात. आमच्याकडे दिवाळीला त्यांनाच करंज्या म्हणतात. चला, आत जाऊ या.