हरोदच्या झऱ्यापाशी

गिलबोआ डोंगराच्या पायथ्याला, खडकातल्या गुहेतून हे पाणी येतं. बायबलमधल्या गिदोनाच्या कथेतला हरोदचा झरा तो हाच, असं परंपरा मानते. हरोद या हिब्रू नावातच थरथर आहे.

समोर यिज्रेलचं खोरं. तिथे इस्राएलाचे शत्रू, मिद्यानी आणि अमालेकी, टोळधाडीसारखे उतरले होते. उंटांची तर गणतीच नव्हती. सात वर्षं हेच चाललेलं. पीक हाताशी आलं की ते यायचे आणि सगळं ओरबाडून न्यायचे. गिदोन या इस्राएली माणसालाही गहू झोडायला खळं सोडून द्राक्षकुंडात लपावं लागलं होतं.

आता परमेश्वराने त्यालाच लढायला पाठवलं होतं. त्याच्यामागे ३२,००० माणसं, आणि पुढे शत्रूचे १,३५,०००. तरी परमेश्वर म्हणतो, तुझ्याजवळचे लोक फार आहेत.

भ्यालेल्यांनी घरी जावं, असं सांगताच २२,००० परत फिरले. त्यांना नावं ठेवायला माझं मन धजत नाही. भिणाऱ्याला परतायची मुभा मोशेच्या नियमशास्त्रानेच दिली होती. उरलेल्या १०,००० जणांना पाण्यावर नेलं. गुडघे टेकून प्यायले, ते गेले. हाताने पाणी तोंडाशी नेऊन चाटणारे ३०० राहिले. ते जास्त सावध शिपाई होते, असं प्रवचनांतून नेहमी ऐकतो. बायबलच्या वचनात तसं लिहिलेलं नाही. तिथे कारण एकच आहे: आम्ही आमच्याच हाताने वाचलो, अशी बढाई इस्राएलाने मारू नये.

त्या रात्री गिदोन स्वतः भ्यालेला होता. परमेश्वर त्याच्यावर रागावला नाही. भीती वाटत असेल तर पुरा या तुझ्या सेवकाला घेऊन मिद्यान्यांच्या छावणीपर्यंत जा, म्हणाला. तिथे अंधारात एक जण सोबत्याला स्वप्न सांगत होता: जवाची भाकर गडगडत आली आणि तंबू उलथून गेला. ही गिदोनाची तलवारच, सोबती म्हणाला. जव, गरिबाघरचं धान्य! गिदोनाने तिथेच नमन केलं.

मधल्या प्रहराचे पहारेकरी नुकतेच बदलले होते. शंभर-शंभरांच्या तीन टोळ्या निघाल्या. उजव्या हातात रणशिंग, डाव्या हातात मशाल, तीही मडक्यात झाकलेली. तलवार धरायला हात मोकळाच नव्हता.

मडकी फुटली. शिंगं वाजली. ‘परमेश्वराची आणि गिदोनाची तलवार!’

छावणीत मिद्यानी मिद्यान्यावरच तुटून पडला. आणि ते ३०० जण छावणीभोवती आपापल्या जागी उभे होते.