लिटल बो : नदीच्या नावाचा मतदारसंघ

श्रोतेहो, नमस्कार.

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, कॅल्गरी आणि लेथब्रिज या शहरांच्या मधल्या गव्हाच्या मुलखातून लिटल बो नावाची छोटी नदी वाहते. प्रांतिक विधानसभेचा तिच्या नावाचा मतदारसंघ १९१३ साली अस्तित्वात आला आणि २०१९ साली संपला. आपल्या शेतकरी बांधवांना त्याची कहाणी परकी वाटणार नाही.

१९२१ साली 'युनायटेड फार्मर्स ऑफ आल्बर्टा' ही शेतकऱ्यांची संघटना निवडणुकीत उतरली आणि थेट सत्तेवर आली. लिटल बोने त्यांच्याच ओरन मॅकफर्सन यांना निवडून दिलं. पुढे ते सभापती झाले, मंत्री झाले. १९२३ साली तिथल्या शेतकऱ्यांनी गहू एकत्र विकण्यासाठी सहकारी संस्था उभारली. ग्रामीण भागात मतदानाची पद्धतही बदलली. मतपत्रिकेवर एकाच नावापुढे खूण करायची नाही, पसंतीनुसार १, २, ३ असे आकडे घालायचे. ही पद्धत १९५५ च्या निवडणुकीपर्यंत टिकली. मला ती फार शहाणपणाची वाटते.

मग तिशीचं दशक आलं. गव्हाचे भाव कोसळले, पावसानं दगा दिला, सुपीक माती वाऱ्यावर उडून गेली. त्या दिवसांत घराघरांत एक आवाज पोचला, तोही रेडिओवरूनच. विल्यम ॲबरहार्ट हे कॅल्गरीतले मुख्याध्यापक दर रविवारी बायबलवर प्रवचन करत. त्या प्रवचनांतून हळूहळू 'सोशल क्रेडिट'चा प्रचार सुरू झाला : प्रत्येक प्रौढ माणसाला सरकारनं दरमहा २५ डॉलर द्यावेत! कर्जात बुडालेल्या कुटुंबांना हे ऐकून काय वाटलं असेल, याची कल्पना करा. १९३५ साली ६३ पैकी ५६ जागा त्यांच्या सोशल क्रेडिट पक्षानं जिंकल्या. शेतकरी संघटनेला एकही मिळाली नाही. मॅकफर्सनही पडले. ते २५ डॉलर मात्र लोकांच्या हाती आले नाहीत.

तरी लिटल बोनं निवडून दिलेला नवा माणूस सोडला नाही. १९३५ साली सोशल क्रेडिटतर्फे निवडून आलेले पीटर डॉसन हे धर्मोपदेशक १९६३ साली निधन होईपर्यंत आमदार होते आणि त्यातली २६ वर्षं सभापती. त्यांच्यानंतर रेमंड स्पीकर आले. त्यांनी पक्ष बदलले, पण १९९२ पर्यंत मतदारसंघ तोच.

दरम्यान शहरं फुगत गेली. विधानसभेच्या जागा ८७ च ठेवून फेररचना झाली, तेव्हा ग्रामीण मतदारसंघ कमी झाले आणि लिटल बोचं नावही गेलं. त्याचा मोठा भाग आता 'कार्डस्टन-सिक्सिका'मध्ये आहे.

सिक्सिका हे ब्लॅकफूट आदिवासींमधल्या एका समाजाचं नाव. गव्हाची शेतं होण्याआधीपासून ही माणसं या प्रदेशात राहत आली आहेत. १९२१ आणि १९३५ च्या ज्या निवडणुकांबद्दल मी आत्ता बोललो, त्यांत त्यांना मत नव्हतं. आल्बर्टानं तो अधिकार त्यांना दिला १९६५ साली.

नमस्कार.